आधी हात, मग औषध

बेल्याच्या माणसासमोर कुष्ठरोगाचा विषय काढा, तो वरोऱ्याचं नाव घेईल. पैनगंगा ओलांडायची, वणी मागे टाकायची, की पुढे आनंदवन. आदिलाबाद जिल्ह्याच्या या टोकाला आम्ही मराठी बोलतो, त्यामुळे बाबा आमट्यांना आम्ही आमचेच मानतो. म्हणून संपादकांनी सीमाभागातल्या सेवाकार्यावर लेख मागितला तेव्हा बरोबरच्या सगळ्यांनी उत्तरेकडे बोट दाखवलं. मी दक्षिणेकडे गेलो. आदिलाबाद, निर्मल, सोनजवळ गोदावरीचा पूल, आर्मूर, आणि मग 44 क्रमांकाच्या त्याच महामार्गावरची डिचपल्ली. आदिलाबादपासून अंतर दीडेकशे किलोमीटर. आनंदवन उभं राहण्याच्या साडेतीन दशकं आधी इथे महारोग्यांसाठी दवाखाना सुरू झाला होता, आणि माझ्या गावात त्याचं नाव काढणारं कुणी उरलेलं नाही.

मला तिकडे ओढून नेणारी आठवण घरचीच आहे. लहानपणी बाजाराच्या दिवशी एक म्हातारी आमच्या ओट्यासमोर येऊन उभी राहायची. बोटं आत वळलेली, पायाला चिंध्या. माझी आजी देवभोळी आणि हाताची मोकळी होती. तिने कधी त्या म्हातारीला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. पण भाकरी द्यायची ती वरून टाकून. मध्ये हातभर अंतर ठेवून. चहा द्यायचा तो करवंटीत, आणि ती करवंटी बाहेरच कुंपणाला टांगलेली असायची. आम्ही पोरं तिला नावाने हाक मारत नव्हतो, कारण तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. दान होतं, दया होती. ते हातभर अंतर मात्र आमच्या घराने कधी ओलांडलं नाही, आणि ही गोष्ट मला वयाच्या पन्नाशीत जास्त टोचते.

डिचपल्लीचा इतिहास थोडक्यात सांगतो. डॉ. इसाबेल केर मूळच्या स्कॉटलंडच्या. 1903 मध्ये ॲबर्डीनला वैद्यकीय पदवी घेतली आणि 1907 मध्ये पती रेव्हरंड जॉर्ज केर यांच्याबरोबर वेस्लियन मेथडिस्ट मिशनच्या कामासाठी निजामाच्या राज्यात आल्या. निजामाबाद, म्हणजे जुन्या माणसांचं इंदूर, इथल्या मिशनच्या दवाखान्यात 1911 मध्ये त्यांनी कुष्ठरुग्णांची सोय सुरू केली. रुग्ण इतके येऊ लागले की जागा पुरेना. तेव्हा राजा नरसा गौड या हिंदू दानशूर गृहस्थाने मोठी देणगी दिली आणि 1915 मध्ये डिचपल्लीचं केंद्र उघडलं. सिकंदराबादहून मनमाडला जाणारी रेल्वे डिचपल्लीवरूनच जाते. म्हणजे नांदेड, परभणी, जालना त्याच रुळांवर होती. 1923 मध्ये इसाबेलबाईंना कैसर-ए-हिंद पदक मिळालं, 1932 मध्ये त्या वारल्या. इमारतींच्या वर्णनात मी शिरत नाही. माझं मन अडकलं ते एका तेलात.

त्या तेलाचं झाड आपल्या सह्याद्रीतलं आहे. कडू कवठ. कवठासारखं गोल, कठीण सालीचं फळ, आत तेलकट बिया. सुश्रुताने त्याला तुवरक म्हटलं आणि पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर ते वाढतं अशी नोंद करून कुष्ठावर त्याचं तेल सांगितलं. याच कुळातल्या दुसऱ्या एका झाडाचं तेल पूर्वेकडे चौलमुग्रा म्हणून ओळखलं जाई. अडचण अशी, की हे तेल पोटात घेतलं की मळमळ सुटते, उलट्या होतात. चिकाटीने महिनोन्‌महिने पिणारा माणूस विरळा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सुईने टोचायला लागले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. अर्नेस्ट म्यूर यांनी ही पद्धत बसवली आणि केर दांपत्याने ती उचलली.

आता ही सुई काय प्रकरण होतं ते नीट बघा. तेल घट्ट; आधी ते कोमट करायचं, मग जाड सुईत ओढायचं. स्नायूत टोचलं तर जागा दिवसेंदिवस ठणकते, कधी पिकते. चट्ट्यातच द्यायचं तर कातडीच्या आत जवळजवळ अनेक टोचे मारावे लागत, प्रत्येक टोच्यात थेंबभर तेल. एका माणसाला एकदाच टोचून सुटका नाही. आठवड्यातून दोनदा, महिने, काहींच्या बाबतीत वर्षं. आणि गुण? रोग लवकर ओळखला गेला तर चट्टे फिके पडायचे, संवेदना थोडी परतायची. जुनाट रोगाला फारसा उपयोग नाही. पुढे सल्फोनची औषधं आली तेव्हा तेलाची बाटली जगभरातून काही वर्षांत हद्दपार झाली, यावरून तिची ताकद कळते. त्या सल्फोनपैकी डॅप्सोन पोटात घेऊन चालतं हे नायजेरियात दाखवून देणाऱ्यांमध्ये डॉ. जॉन लो अग्रभागी होते, आणि लो 1920 च्या दशकात डिचपल्लीतच काम करत होते. तेलाच्या मर्यादा जवळून पाहिलेला माणूस तो.

मग अशा अर्ध्या कच्च्या औषधासाठी माणसं मैलोन्‌मैल चालत का येत असतील? मी यावर पुष्कळ विचार केला, आणि माझं उत्तर असं आहे. टोचायचं म्हटलं की हात धरावा लागतो. ज्याला बायकोने वेगळं ताट दिलंय, ज्याला गावाने वेशीबाहेर खोपट दिलंय, त्या माणसाचा दंड आठवड्यातून दोनदा कुणीतरी हातात घेत होतं. चट्टा कुठवर पसरलाय ते बोटांनी चाचपत होतं. कोपराजवळची शीर दोरीसारखी जाड झालीय का, ते दाबून बघत होतं. नाव विचारत होतं, वहीत लिहीत होतं आणि पुढच्या खेपेला त्याच नावाने हाक मारत होतं. तेलाने जंतू किती मेले याचा हिशेब डॉक्टरांनी करावा. एकटेपणावर त्या सुईने जे काम केलं ते मला मोठं वाटतं.

इसाबेलबाईंना हे बळ कुठून आलं, हे टाळून त्यांच्याबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्या ख्रिस्ती होत्या म्हणून आल्या होत्या. शुभवर्तमानात एक महारोगी येशूसमोर गुडघे टेकतो, तो प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. त्यात एक बारकावा आहे. येशू हात पुढे करून त्याला आधी स्पर्श करतो, आणि रोग जातो तो नंतर. शब्दाने बरं करता आलं असतं. त्या ग्रंथात इतरत्र तसं घडतंही. इथे मात्र रोग अंगावर असतानाच हात लागतो. ख्रिस्ती सेवेचं सगळं मर्म मला या क्रमात दिसतं. आपल्याकडे एकनाथांनी गोदेच्या तापलेल्या वाळवंटातलं पोर कडेवर घेतलं, त्याची जात पाहिली नाही. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्र्यांच्या अंगाला स्वतः मालिश करत. आणि बाबा आमटे ज्या कलकत्त्याच्या संस्थेत कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले ती म्यूर यांचीच संस्था. डिचपल्ली आणि वरोरा यांच्यामध्ये आमचं बेला आहे, आणि दोन्हीकडची वाट त्या एका दारातून गेलेली आहे.

त्या काळच्या मिशनच्या कुष्ठधामांची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे स्त्रिया आणि पुरुष वेगळे ठेवायची रीत होती. नवराबायको दोघेही रोगी असले तरी. निरोगी मुलांना आईबापांपासून काढून निराळ्या घरांत वाढवत. हेतू रोग थांबवण्याचा होता हे मला मान्य आहे. पण एकटेपणावर इलाज करणाऱ्या घरांनी थोडं एकटेपण स्वतःही वाटलं, हे त्या आयांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

1982 पासून चित्र पालटलं. जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन अशी एकत्र औषधं सुचवली. सौम्य प्रकाराला सहा महिने, जास्त जंतू असलेल्याला सुरुवातीला दोन वर्षं, पुढे बारा महिने. औषध सरकारी दवाखान्यात फुकट. पाकीट महिन्यातून एकदा हातात पडतं. 2005 च्या डिसेंबरअखेर देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि सरकारने उच्चाटनाची घोषणा केली. त्या घोषणेचा अर्थ लोकांनी 'रोग संपला' असा घेतला. तो संपला नाही. आजही भारतात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक.

आणि जंतू मेले तरी पाय बधिरच राहतो. या पायाबद्दल मला जे कळलं ते एका लहानशा केंद्रातल्या ड्रेसरकाकांकडून. ते स्वतः कधीकाळचे रुग्ण. त्यांच्यासमोर आमच्याच भागातला एक म्हातारा शेतकरी बसला होता, दोन्ही पाय साध्या पाण्याच्या घमेल्यात. वीस मिनिटं भिजवायचे. मग टाचेची आणि चवड्याची कडक झालेली कातडी खरखरीत दगडाने हळूहळू घासायची, कारण तीच कडक कड फाटते आणि तिथे जखम होते. मग पाय ओला असतानाच तेल, म्हणजे पाणी आत धरून राहतं. मग बोटांच्या बेचक्यांतून नजर. हे रोज. जन्मभर. काकांनी टाच उचलून मला दाखवली. आत पऱ्हाटीच्या खुंटाचं टोक रुतून बसलं होतं, सुपारीएवढं भोक पडलं होतं. कापूस निघाल्यावर वावरात उभी राहिलेली खुंटं खिळ्यासारखी असतात, आमच्याकडच्या कुणालाही विचारा. म्हातारा त्या पायाने चार दिवस चालला होता.

मी विचारलं, "बाबा, कळलं नाही का?"

तो म्हणाला, "दुखलं असतं तं बरं झालं असतं ना, बाप्पा."

हात-पाय झडतात असं लोक म्हणतात. रोगाने बोट गळून पडत नाही. वेदना नसल्यामुळे भाजतं, कापतं, जखम चिघळते, हाड कुजतं, आणि माणूस तसाच चालत राहतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे शोधून काढलं. रात्री झोपेत उंदीर बधिर बोटं कुरतडतात, हेही त्यांच्याच लक्षात आलं. वाकड्या बोटांवर तिथे शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि पायासाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल आली. तिच्यात खिळा मारत नाहीत. सगळं चिकटवून करतात, कारण वर आलेला खिळा त्या पायाला कळणार नाही. मागे पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल निसटलेली समजत नाही.

चप्पल इतकी विचारपूर्वक बनवलेली, आणि तरी ड्रेसरकाकांची तक्रार हीच, की लोक ती घालत नाहीत. "घातली की गावाला ओळखू येते," ते म्हणाले. त्या म्हाताऱ्याची चप्पल घरी खाटेखाली होती. बाजारात अनवाणी जाणं त्याने पत्करलं होतं.

अडचणी सांगायला बसलो तर लेख पुरणार नाही. कायदा हळूहळू माणसांत आला: 1898 चा महारोग्यांना कोंडून ठेवण्याचा कायदा 2016 मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 मध्ये वैयक्तिक कायद्यांतून काढलं गेलं. घरं इतकी चटकन बदलत नाहीत. रोग सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावला गेला हे योग्यच झालं, वेगळा दवाखाना म्हणजे वेगळा शिक्का. पण त्यामुळे हाताने शीर चाचपून रोग ओळखणारी माणसं कमी होत चालली. माझ्याच एका नातेवाइकाच्या पाठीवरचा चट्टा एका खासगी डॉक्टरने दीड वर्ष नायट्याच्या मलमावर काढला. बोट लावून 'इथे कळतं का' एवढं विचारलं असतं तर त्याची करंगळी वाकली नसती. जुन्या कुष्ठधामांत बरे होऊनही घरी न गेलेली माणसं म्हातारी झाली आहेत. त्यांचे रिपोर्ट स्वच्छ आहेत, त्यांना न्यायला कुणी येत नाही. त्यांचे पाय रोज भिजवायला आणि घासायला हात हवेत. डिचपल्लीत ज्यांनी सुई धरली त्यांना पगारापलीकडचं काहीतरी तिथे बांधून ठेवत होतं. तसं बांधून घेणारी तरुण मुलं-मुली आता कुठून आणायची, हा प्रश्न मी काकांना विचारला. ते टाचेवर पट्टी गुंडाळत होते. गुंडाळून होईपर्यंत बोलले नाहीत, आणि झाल्यावर त्यांनी पुढच्या माणसाला नावाने हाक मारली.

डिचपल्लीत आज कुणाला पत्ता विचारला तर तेलंगणा विद्यापीठ दाखवतील, टेकडीवरचं जुनं राममंदिर दाखवतील. दोन्ही बघा. आणि घरी आल्यावर एवढं करा: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर पिसाने किंवा कापसाने फिरवलेलं कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा गावातल्या आशाताईंना सांगा. औषधाला पैसे लागत नाहीत. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव माणसांना हा रोग निसर्गतःच होत नाही, आणि औषध सुरू झालेल्या माणसापासून तो पसरत नाही. दारात असं कुणी आलं, तर भाकरी त्याच्या हातात ठेवा आणि त्याचं नाव विचारा.