चढाईला कोणाला पाठवायचं?

प्रो कबड्डीचा संघमालक लिलावात हवा तसा गडी विकत घेतो. तिगावच्या संघाला ती सोय नाही. गावात जी सात-आठ पोरं खेळतात, त्यांतूनच डाव उभा करायचा. म्हणून डावपेचांचा खरा कस अशा गावांत लागतो, असं माझं मत आहे. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचं हे गाव. 2023 मध्ये मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला, तिगावबरोबर सौंसरही त्यात आलं. पण खेळाच्या बाबतीत या मराठी मुलखाची सोयरीक वऱ्हाडाशी जुनीच. पलीकडे वरूड, त्यापुढे अमरावती. तिथल्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली होती.

आक्रमण म्हणजे चढाई, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण कोणती चढाई कोणी करायची, हा हिशेब फार थोडे कर्णधार नीट मांडतात. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. त्याने गुण वाढतो, पण बाहेर बसलेला आपला गडी आत येत नाही. गडी उठवायचा तर स्पर्श हवा किंवा पकड हवी. त्यातही जो आधी बाद झाला तोच आधी उठतो. मुख्य चढाईपटू सर्वांत शेवटी बाद झाला असेल, तर त्याच्या पुढची रांग संपेपर्यंत दुसऱ्यांनी गुण आणायचे. अशा वेळी लांब पायाचा बोनसवाला पोरगा कितीही गुणी असला, तरी पाठवायचा तो हात मारून येणारा.

अनुप कुमारचा खेळ बघितलेल्यांना हे चटकन समजेल. घाई नाही, अंगावर जाणं नाही; उभं राहून कोपऱ्याला खेळवायचं आणि पाय बोनस रेषेपार टाकून परतायचं. चंदगडचा सिद्धार्थ देसाई याच्या नेमका उलट. पकडीत सापडल्यावरही दोघा-तिघांना मध्यरेषेपर्यंत ओढत आणणारा. सिद्धार्थला बोनससाठी ताटकळत ठेवणं किंवा अनुपला साखळीत घुसायला सांगणं, दोन्ही सारखंच वाया.

एका गड्याभोवती बांधलेल्या आक्रमणाचं टोक 2017 मध्ये पाटण्याने दाखवलं. परदीप नरवालने त्या मोसमात चढाईचे 369 गुण मिळवले, एका सामन्यात तर 34. डुबकी मारून साखळीखालून निसटणारा तो खेळ इतका देखणा होता की गल्लीगल्लीत पोरं वाकून निसटायला शिकली. लोक एक गोष्ट मात्र विसरतात : त्याच संघात मोनू गोयत होता. परदीप बाहेर बसला की गाडा ओढायला दुसरा बैल तयार होता.

दुसरी तऱ्हा पुण्याची. पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणाला 28-25 असं हरवून दहावा मोसम जिंकला. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे : चढाईचं ओझं सगळ्यांत वाटलेलं. अंतिम सामन्यात पंकजने एकाच चढाईत चार गुण आणले. एकाला बांधून ठेवलं तर दुसरा उभा. बी. सी. रमेश यांच्या या संघात इराणचा शादलू पकडीला होता; पकड भरवशाची असली की चढाईपटूला रिकामं परतायची भीती उरत नाही.

हाती असलेल्या गड्यांनुसार आक्रमण मांडणं अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये निराळ्या रूपात दिसतं. तिथे प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो, प्रशिक्षक पुढची चाल बाहेरून कळवतो. 2024 पासून वरच्या गटात ती हेल्मेटमधल्या यंत्रातून सांगायची मुभा मिळाली. लष्करी अकादम्यांच्या संघांना इतरांसारखे धिप्पाड गडी मिळत नाहीत. म्हणून आर्मी आणि नेव्ही वर्षानुवर्षं चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर भर देत आले. चेंडू कोणाच्या हाती राहणार, हे समोरच्याला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. अंगाने कमी असलेल्यांनी फसवणुकीवर आक्रमण उभं केलं, हे मला शहाणपणाचं वाटतं.

कबड्डीत बाहेरून सांगायला वेळ कुठे? चढाई तीस सेकंदांची, ती संपली की समोरचा गडी आपल्या अंगणात. निर्णय कर्णधाराचा, तोही श्वास घेता घेता.

टीव्हीवरची कबड्डी बघून गावचे संघही एकच ‘परदीप’ शोधतात, त्यालाच लागोपाठ पाठवतात. दहाव्या मिनिटाला त्याचा दम सरतो. शिवाय टीव्हीवरचा खेळ मॅटवरचा, बूट घालून खेळलेला. मातीत अनवाणी पाय सरकतो, चपळ वळणं तितकी साधत नाहीत. तिथे ताकदीचा आणि लांब हाताचा गडी जास्त उपयोगी पडतो.

प्रो कबड्डीमुळे रुळलेला तिसऱ्या चढाईचा नियम तर गावच्या संघाला सोन्यासारखा. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर गडी बाद. पहिल्या दोन चढायांना दमदार पण साधा गडी पाठवून वेळ काढावा, मुख्य चढाईपटूला तेवढा विसावा द्यावा. समोर तीनच गडी उरले की मात्र सावध. तिथे पकड झाली तर त्यांना दोन गुण मिळतात, आणि ते तिघे त्याचीच वाट बघत असतात. अशा तिसऱ्या चढाईला मी संघातला सर्वांत शांत डोक्याचा पोरगा पाठवीन. तो सर्वांत जोरकस नसला तरी चालेल.