दिलेले घेणे : पेढीवरचा संगणक आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्यानंतर आठवडाभरातच दीपावली आली, भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक साजरे झाले, वीर निर्वाण संवत् २५५२ सुरू झाले आणि पेढ्यांवर वहीपूजन झाले. वर्षाचा जमाखर्च आता ज्या संगणकात राहतो, त्याच्यावरही अनेक ठिकाणी कुंकवाचे स्वस्तिक उमटले. आतली कार्यप्रणाली निवृत्त झाली आहे, ही गोष्ट त्या गडबडीत सहज नजरेआड होण्यासारखी होती.

देखभाल थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही. तो रोजच्याप्रमाणे सुरू होतो, बिले काढतो, पत्रके उघडतो. फरक पडतो तो न दिसणाऱ्या जागी. कार्यप्रणालीत नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती मिळेनाशी होते आणि त्या त्रुटींतून आत शिरणाऱ्यांना वाट मोकळी राहते. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षेची सोय ठेवली आहे. पण ती मुदतवाढ आहे, कायमचा उपाय नव्हे. पुढची पायरी ‘विंडोज ११’. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेला, आजही उत्तम चालणारा संगणक या परीक्षेत बहुधा नापास होतो.

सोपी वाटणारी वाट

अशा वेळी बाजारात एक स्वस्त तोडगा हमखास सुचवला जातो : दुरुस्तीवाल्याकडून ‘क्रॅक’ केलेली प्रणाली टाकून घेणे. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल, तर कैदेऐवजी केवळ दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. दुकानाच्या गल्ल्यावरील संगणकाला अर्थातच ती सवलत मिळत नाही.

श्रावकासाठी मात्र प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. अचौर्य अणुव्रताचा गाभा ‘अदत्तादान’ या शब्दात आहे. जे दिलेले नाही, ते घेणे म्हणजे चोरी. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे म्हणजे ‘तदाहृतादान’ आणि अस्सलाच्या नावाखाली नकली वस्तू चालवणे म्हणजे ‘प्रतिरूपकव्यवहार’ हे दोन आहेत. वजनमापात कमीजास्त करण्याचा अतिचारही त्याच यादीत आहे. तराजूच्या बाबतीत काटेकोर असलेल्या पेढीने संगणकाच्या बाबतीत सैल का असावे, याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही.

जे मुळातच दिलेले आहे

या पार्श्वभूमीवर लिनक्सचा विचार करावा लागतो. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी तिचा गाभा ‘जीपीएल’ या परवान्याखाली आला. हा परवाना कोणालाही ती प्रणाली वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची स्पष्ट अनुमती देतो. अट एवढीच की, बदललेली प्रत पुढे देताना घेणाऱ्यालाही तेच हक्क आणि मूळ संहिता मिळाली पाहिजे. येथे प्रत काढणे चोरी ठरत नाही, कारण वस्तू देणाऱ्यानेच हातावर ठेवलेली आहे.

नाव अपरिचित वाटले, तरी वस्तू घरातलीच आहे. अँड्रॉइड मोबाइल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात; म्हणजे असा फोन वापरणारा व्यापारी पैसे जमा झाल्याचा संदेश रोज लिनक्सवरच वाचत असतो. केरळमधील सरकारी शाळांनी अनेक वर्षांपासून मुलांना याच मुक्त प्रणालीवर संगणक शिकवला आहे.

नवशिक्यासाठी लिनक्सच्या अनेक रूपांपैकी ‘लिनक्स मिंट’ सोयीचे आहे. २००६ पासून उपलब्ध असलेल्या या प्रणालीचा पडदा विंडोजच्या जवळपास जातो : खाली पट्टी, डावीकडे कोपऱ्यात मेनू. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. लिबरऑफिस सोबतच येते. त्यात एक्सेल आणि वर्डच्या बहुतेक फायली उघडतात.

आधी नमुना, मग सौदा

कापडाचा गठ्ठा घेण्यापूर्वी व्यापारी नमुना पाहतो. लिनक्समध्येही तशी सोय आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर योग्य साधनाने चढवली की, संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करता येतो. मूळ हार्डडिस्कला हात लागत नाही. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, प्रिंटर, बारकोड यंत्र आणि बँकेचे संकेतस्थळ ही पाच कामे तपासून घ्यावीत. बारकोड यंत्र बहुधा कळफलकासारखेच वागते, त्यामुळे ते लगेच चालते. काही जुने लेझर प्रिंटर मात्र त्रास देतात, आणि ते आधी कळलेले बरे.

प्रत्यक्ष बसवणी करण्यापूर्वी सर्व फायलींच्या दोन प्रती काढाव्यात. एक पेढीवर ठेवावी, दुसरी घरी. त्यांपैकी एक दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच. बसवणीच्या वेळी संपूर्ण डिस्क पुसण्याचा आणि विंडोजशेजारी लिनक्स बसवण्याचा, असे दोन पर्याय समोर येतात. नवशिक्याने दुसरा निवडावा आणि सराव होईपर्यंत विंडोज ठेवावी; मात्र देखभाल संपलेल्या विंडोजमधून इंटरनेट वापरू नये.

जे जमत नाही, तेही

लिनक्सची बाजू घेणारे काही वेळा अडचणी सांगत नाहीत. व्यापाऱ्याला त्या आधी कळायला हव्यात. टॅली प्राइम विंडोजसाठीच तयार होते. ‘वाइन’ नावाच्या साधनाने ते लिनक्सवर चालवण्याचे प्रयोग होतात, पण वर्षाचा हिशेब प्रयोगावर सोपवू नये. जीएसटीचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते, आणि एकल मालकी किंवा भागीदारी पेढीला ओटीपीने विवरणपत्र भरता येते. कंपनी आणि एलएलपीला डिजिटल सही लागते. तिच्या टोकनची चाचणी आधी करावी. एक्सेलमधील मॅक्रो लिबरऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी पत्रे त्या फाँटवाचून वाचता येत नाहीत. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागतात.

मुक्त प्रणालींत हिशेबाची साधनेही आहेत. मुंबईत घडलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ब्राउझरमध्ये चालते आणि तिच्यात जीएसटीची सोय करता येते. पण ती बसवायला जाणकार लागतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. म्हणून कंपनीने आपल्या सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय हिशेबाचे साधन बदलू नये.

यातून व्यवहार्य मार्ग निघतो. टॅलीसाठी एक संगणक रीतसर परवान्याच्या, देखभाल चालू असलेल्या विंडोजवर ठेवावा. घरातील, मुलांच्या अभ्यासाचे आणि पत्रव्यवहाराचे संगणक एकेक करून लिनक्सवर न्यावेत. चार संगणक नव्याने घेण्याऐवजी एक घेतला, तर खर्च वाचतो आणि तीन चालते संगणक भंगारात जात नाहीत. आधी काय वापरात राहू शकते, हे पाहून मगच नवे घेणे हे परिग्रहपरिमाणाला धरूनच आहे.

लिनक्स मिंट किंमत मागत नाही. वापरणाऱ्यांच्या ऐच्छिक देणग्या मात्र स्वीकारते. तीन परवान्यांचे पैसे वाचवणाऱ्या पेढीने त्यातला थोडा भाग तिकडे पाठवावा आणि खर्चाच्या खात्यात त्याची नोंद करावी.