तंबोरा घेताय? आधी दुकानदाराला विचारा

मुलगी गांधर्वच्या परीक्षांना बसू लागली, की गाण्याच्या बाई म्हणतात, "आता घरात तंबोरा हवा." मग आपली चौकशी सुरू होते ती किमतीपासून. पण मैत्रिणींनो, किमतीच्याही आधी दुकानदाराला विचारा, "तुम्ही माल कुणाकडून आणता?"

तालुक्याच्या गावचं वाद्यांचं दुकान ते केवढं! चार टाळ, दोन पेट्या, एखादा मृदंग. दहा तंबोरे मांडून पैसा अडकवणं त्याला परवडत नाही. पण त्याचे मिरजेच्या एखाद्या कारखानदाराशी जुने संबंध असतील, तर अख्खा कारखानाच त्याच्या पाठीशी! मुलीची पट्टी काळी चार की पाच ते कळवून तो नेमका जनानी तंबोरा मागवतो. मर्दानी तंबोरा काळी एक-दोनचा; भोपळा मोठा, तारा जाड. दुकानात पडून आहे म्हणून तोच गळ्यात मारून घेतलात, तर वर चढवताना तार तुटायची आणि खाली ठेवला तर मुलीचा आवाज लागायचा नाही.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि भोपळे कुठले म्हणाल? आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे! आमच्या वेळापूरसारख्या गावात मिरजेचा तंबोरा आला, की जणू माहेरचाच भोपळा सासरहून सजून आल्यासारखा वाटतो.

खरी गरज पडते ती पुढे. तारा घासून घोडीवरची जवारी उतरते, आवाज बद्द येऊ लागतो. मग नुसतं सूत सरकवून भागत नाही, जाणत्या कारागिराचाच हात लागतो. आमच्या शेजारणीने एका प्रदर्शनातून स्वस्तात तंबोरा आणला. वर्षभरात त्याचा गोडवा गेला आणि विकणाऱ्याचा पत्ता नाही! शेवटी गावातल्याच दुकानदाराने आपल्या मालाबरोबर तो मिरजेला धाडला, तेव्हा कुठे पुन्हा बोलू लागला.

यात कारखानदाराचंही भलंच आहे. कुठल्या गावी काय खपतं, काय दुरुस्तीला परत येतं, हे त्याला घरबसल्या समजतं. वारीआधी टाळ-मृदंगांची मागणी घाऊक व्यापाऱ्याला वेळेवर कळवली, तर दुकानदाराचीही धावपळ वाचते.

तेव्हा पैसे देण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: पट्टी कोणती, जवारी कोण काढून देणार, आणि वाटेत भोपळा तडकला तर भरपाई कोणाची. ज्याचे कारखान्याशी घरोब्याचे संबंध असतील, तो चटकन उत्तर देईल. चार पैसे जास्त गेले तरी तंबोरा त्याच्याकडूनच घ्या!