प्रथिनांतील अमिनो आम्लांचे परस्परसंपर्क : सिकलसेल हिमोग्लोबिनच्या आधारे एक विवेचन

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, ही व्याख्या आपले विद्यार्थी अकरावी-बारावीपासून पाठ करीत आलेले असतात. परंतु ही साखळी पेशीत सरळ पडून राहत नाही. ती वळते, दुमडते व तिचा गोळा बनतो. त्यामुळे साखळीच्या क्रमात एकमेकांपासून पुष्कळ दूर असलेली अमिनो आम्ले प्रत्यक्षात शेजारी येऊन बसतात. कोणते अमिनो आम्ल कोणाला टेकले आहे, किती जवळ आहे आणि त्या जवळिकीचे स्वरूप काय, याचा शोध घेणे म्हणजे संपर्क-विश्लेषण होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा परिचय करून द्यावयाचा असून उदाहरणादाखल सिकलसेलचे हिमोग्लोबिन घेतले आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट, मध्य प्रदेशातील झाबुआ व अलीराजपूर, गुजरातेतील छोटा उदेपूर या पट्ट्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि त्याचे मूळ अक्षरशः एका चुकीच्या संपर्कात आहे.

'टेकले आहे' म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. अणूंमधील अंतर अँगस्ट्रॉम या एककात मोजतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. क्ष-किरण स्फटिकशास्त्राने प्रथिनाची रचना उलगडली की प्रत्येक अणूचे स्थान तीन आकड्यांत मिळते. हे आकडे प्रोटीन डेटा बँकेत जमा होतात. १९७१ साली अवघ्या ७ संरचनांनी सुरू झालेल्या या भांडारात आज दोन लाखांहून अधिक संरचना आहेत व त्या कोणालाही विनामूल्य मिळतात. दहावीच्या भूमितीतील अंतराचे सूत्र एक मिती वाढवून लावले की कोणत्याही दोन अणूंमधील अंतर हाती येते. गणित एवढेच आहे. कठीण आहे तो अर्थ लावणे.

व्यवहारात दोन रीती रूढ आहेत. पहिलीत दोन अमिनो आम्लांचे हायड्रोजनखेरीज कोणतेही दोन अणू ४.५ किंवा ५ अँगस्ट्रॉमच्या आत असतील तर संपर्क धरतात. दुसरीत प्रत्येक अमिनो आम्लाचा एकच प्रतिनिधी अणू, बहुधा बीटा कार्बन, घेऊन ८ अँगस्ट्रॉमची मर्यादा लावतात. ही मर्यादा निसर्गाने घालून दिलेली नाही. ती अभ्यासकाची सोय आहे. मर्यादा अर्ध्या अँगस्ट्रॉमने वाढवली की संपर्कांची संख्या बदलते. म्हणून नुसती संख्या सांगणाऱ्या प्रबंधिकेवर फार विसंबू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संपर्काचा प्रकार सांगितला तरच काही बोध होतो. हायड्रोजन बंधात दोन टोकांचे अणू साधारण २.७ ते ३.३ अँगस्ट्रॉमवर असतात. विरुद्ध विद्युतभारांच्या जोडीत ४ अँगस्ट्रॉमपर्यंतचे अंतर धरतात. पाण्याशी न जुळणाऱ्या, म्हणजे जलविरोधी शाखांचे कार्बन अणू ४ अँगस्ट्रॉमच्या आसपास एकमेकांना भिडतात.

येथे एका भारतीय कामाची आठवण ठेवली पाहिजे. १९६३ साली मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट प्रश्न विचारला होता : अणू किती जवळ येऊ शकत नाहीत? परस्परांशी बंध नसलेले दोन कार्बन अणू सामान्यतः ३.२ आणि फार तर ३.० अँगस्ट्रॉमपर्यंत जवळ येऊ शकतात, अशा मर्यादा घालून त्यांनी साखळीची कोणती वळणे शक्य आहेत ते दाखवले. जगभर वापरला जाणारा रामचंद्रन आलेख तो हाच.

संपर्क मांडण्याची सोपी युक्ती म्हणजे संपर्क-नकाशा. चौकटीच्या कागदावर आडवे-उभे दोन्हीकडे अमिनो आम्लांचे क्रमांक लिहावेत व जी जोडी संपर्कात असेल तिच्या घरात ठिपका द्यावा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले आहेत, म्हणजे १०,५८५ जोड्या संभवतात. पण फार थोड्या घरांत ठिपके पडतात. कर्णालगत जाड पट्टा दिसतो, तो सर्पिलांचा. कारण सर्पिलात प्रत्येक अमिनो आम्ल आपल्यापुढील चौथ्याशी जोडलेले असते. कर्णापासून दूरचे ठिपके मात्र मोलाचे. गोळा कसा बांधला गेला हे तेच सांगतात.

आता हिमोग्लोबिनकडे वळू. त्याच्या रेणूत दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या, एकूण ५७४ अमिनो आम्ले असतात. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. १९५७ साली व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका फरक सांगितला : बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो व ते पाण्यात रमते. व्हॅलिन जलविरोधी आहे. ५७४ पैकी केवळ दोन जागी फरक, आणि त्याही रेणूच्या पृष्ठभागावर!

एकट्या रेणूचा संपर्क-नकाशा काढला तर निरोगी व सिकल हिमोग्लोबिनमध्ये लक्षात येण्याजोगा फरक दिसत नाही. गोळा तसाच दुमडतो व प्राणवायूही वाहतो. फरक दिसतो तो एका रेणूचा दुसऱ्याशी असलेला संपर्क पाहिल्यावर. प्राणवायू सुटला की रेणूची ठेवण बदलते, आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरील एक खाच या व्हॅलिनला सामावून घेण्याजोगी होते. ती खाच ८५ क्रमांकाचे फिनाइलअ‍ॅलानिन व ८८ क्रमांकाचे ल्युसिन यांची बनलेली आहे. ही दोन्हीही जलविरोधी. सहाव्या स्थानचे व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसते. दोन बीटा साखळ्यांपैकी एकीचेच व्हॅलिन असे अडकते, परंतु तेवढ्याने रेणूंची दुहेरी माळ तयार होते. अशा सात दुहेरी माळा मिळून चौदा पदरांचा तंतू बनतो, आणि तो तांबड्या पेशीला विळ्याचा आकार देतो. पेशीतील पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाट होते व माळ फार लवकर जमते. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, या डॉक्टरांच्या सल्ल्यामागे हे कारण आहे.

स्फटिकातील संपर्कांबाबत नेहमी सावध राहावे लागते. स्फटिकात रेणू दाटीने रचलेले असल्यामुळे त्यांचे पुष्कळसे आपसांतील स्पर्श केवळ रचाईमुळे घडतात. शरीरात त्यांना अर्थ नसतो. मग सिकल हिमोग्लोबिनच्या स्फटिकात दिसलेली दुहेरी माळ खरी कशावरून? १९९७ साली २.०५ अँगस्ट्रॉम स्पष्टतेची संरचना आली, तिने खाचेतील व्हॅलिन ठळक दाखवले. पण खरा पुरावा निसर्गात आढळणाऱ्या इतर हिमोग्लोबिन प्रकारांनी दिला. सी-हार्लेम या प्रकारात सहाव्या स्थानच्या व्हॅलिनबरोबर ७३ व्या स्थानचे अ‍ॅस्पार्टिक आम्लही बदललेले असते, आणि तंतू सहज बनत नाहीत. स्फटिकात ७३ वे स्थान शेजारच्या रेणूला भिडलेले दिसते. उलट, वायव्य भारतात आढळणाऱ्या डी-पंजाब प्रकारात १२१ वे स्थान बदललेले असते, आणि सिकलच्या जनुकासोबत तो आला तर आजार तीव्र होतो. १२१ वे स्थानही संपर्कात भाग घेते. पुरावे दोन वेगळ्या वाटांनी आले व एकाच जागी पोहोचले.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. गर्भीय हिमोग्लोबिन सिकलचे तंतू बनू देत नाही, हे जुनेच निरीक्षण. १९७९ मध्ये त्याचे कारण संपर्कांच्या भाषेत सांगता आले. बीटा साखळीत ८७ व्या स्थानी थ्रिओनिन असते, गर्भीय साखळीत तेथे ग्लुटामिन असते. आणि ८७ वे स्थान त्या खाचेच्या अगदी शेजारी आहे. मोठ्या आकाराच्या ग्लुटामिनमुळे शेजारच्या रेणूला नीट टेकता येत नाही. हाच एक बदल प्रौढ बीटा साखळीत मुद्दाम करून ते जनुक रुग्णाच्या मूळपेशींत घालण्याचा उपचार पुढे विकसित झाला. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, रक्ताच्या कर्करोगाच्या संभाव्य धोक्याचा इशारा जोडून. त्याची किंमत सुमारे ३१ लाख डॉलर आहे, म्हणजे आपल्याकडील पाड्यांवरच्या कुटुंबांना तो आज तरी अप्राप्य. त्यांच्या वाट्याला येते ते हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध. तेही गर्भीय हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात व भारतात आढळणाऱ्या सिकलच्या जनुकासोबत गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच अधिक राहते. मात्र तेवढ्यावरून भारतीय रुग्णाचा आजार सौम्यच असतो असे समजू नये. विदर्भ व गुजरातेत गंभीर रुग्ण पुष्कळ दिसतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर तपासणीवर आहे, तो योग्यच आहे.

आपल्या महाविद्यालयांतील जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे सारे स्वतः पडताळता येईल. प्रोटीन डेटा बँकेतून २एचबीएस या संकेताची फाइल उतरवून घ्यावी. स्फटिकातील शेजारचे रेणू सममितीने उभे करावेत, अन्यथा काही संपर्क दिसणारच नाहीत. मग सहाव्या स्थानच्या प्रत्येक व्हॅलिनपासून ५ अँगस्ट्रॉमच्या आत दुसऱ्या रेणूचे कोणते अणू येतात त्यांची यादी करावी. काही व्हॅलिनांची यादी रिकामी निघेल. ती चूक समजून खोडू नये.