शिंपल्यांचा बंद हंगाम

श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव आपल्या होड्या पाण्यात लोटतात, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना सांगावयास नको. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो म्हणून ही विश्रांती घेतली जाई. तिचा दुसरा लाभ असा की, त्या सुमारास अंडी घालणाऱ्या पुष्कळ माशांना उसंत मिळे. आज पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांना कायद्यानेच बंदी असते.

परंतु खाडीच्या तळाशी वाळूत पुरून राहणाऱ्या तिसऱ्यांना या बंदीचा उपयोग थोडाच. त्यांचे पंचांग निराळे आहे.

तिसरी हा दोन शिंपल्यांच्या कवचात राहणारा मऊ अंगाचा प्राणी होय. वाळूतून दोन नळ्या वर काढून ती एकीने पाणी आत घेते, त्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खाते व दुसरीने पाणी बाहेर सोडते. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी खाडीत भरते. ते ओसरून पाण्याचा खारटपणा पुन्हा वाढला म्हणजे तिसऱ्यांचा प्रजननकाळ येतो. नर व मादी आपापली बीजे पाण्यातच सोडतात. एका मादीची अंडी लक्षावधी असू शकतात. त्यांतून निघालेले डिंभ काही दिवस पाण्यात तरंगतात आणि मग तळाच्या वाळूत स्थिर होतात. एकदा ठाव धरल्यावर तिसरी दूर पळून जाऊ शकत नाही. म्हणून ती वेचणे सोपे, आणि म्हणूनच ती संपविणेही सोपे.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या खाडीत जी तिसरी आढळते, तिला शास्त्रज्ञ पॅफिया मलबारिका म्हणतात. तीच जात केरळात कोल्लम जिल्ह्यातील अष्टमुडी या विस्तीर्ण खारकच्छात विपुल असे. तेथे घरच्या कालवणापुरती होणारी वेचणी 1981 च्या सुमारास परदेशी निर्यातीचा व्यापार बनली. कोणी पाण्यात बुडी मारून, कोणी पायांनी वाळू चाचपून, तर कोणी होडीतून दांड्याला बांधलेल्या जाळीने तळ खरवडून शिंपल्या काढू लागले. 1991 साली उत्पन्न सुमारे 10,000 टनांवर पोहोचले. पुढच्या दोनच वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आले. मोठ्या शिंपल्या संपल्या तशा लहान उचलल्या जाऊ लागल्या. म्हणजे व्याज पुरेना म्हणून मुद्दलाला हात लागला होता.

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या संशोधकांनी या तिसरीची वाढ व तिचा प्रजननकाळ तपासला आणि उपाय सुचविले. डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी पूर्ण बंद. जाळीचा डोळा 30 मिलिमीटरांहून लहान नको. आणि निर्यातीच्या एक किलो मांसात 1,400 हून अधिक नग भरता कामा नयेत. हा शेवटचा नियम मोठा मार्मिक आहे. पाण्याखाली कोणी किती लहान शिंपली उचलली हे पाहण्यास पहारेकरी कोठून आणावा? परंतु तराजू कारखान्यातच असतो, आणि लहान शिंपल्यांना गिऱ्हाईकच नसले तर त्या कोण काढील?

या वेचणीवर सुमारे 3,000 लोकांचा निर्वाह चाले. हातावर पोट असलेल्या माणसाला तीन महिने थांबावयास सांगणे कागदावर सोपे असते, चुलीपाशी नव्हे. तरीही बंदी पाळली गेली, याचे कारण तिसरी लवकर वाढते हे होय. आज राखलेले पीक सुमारे वर्षभरात त्याच माणसाच्या हाती येते. उत्पन्न सावरले आणि पुढे अनेक वर्षे टिकून राहिले. 2014 साली या मत्स्यव्यवसायास मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. भारतात असा मान मिळविणारा तो पहिलाच.

मुंबईच्या समुद्रातील चपट्या शेवंडीचे नशीब असे नव्हते. ही कवचधारी असली तरी शिंपल्यांच्या कुळातील नव्हे, तर कोळंबीच्या नात्यातील. मादी आपली अंडी पोटाखाली चिकटवून वागविते, आणि तळ खरवडणारे ट्रॉल जाळे अंडीवाल्या माद्याही सरसकट ओढून आणते. 1980 च्या सुमारास शेकडो टनांनी मिळणारी ही शेवंड 1994 पर्यंत एखाद-दोन टनांवर आली आणि तिचा धंदा बुडाला. तिच्या प्रजननकाळापुरता वेगळा बंद हंगाम कोणी पाळला नव्हता. 150 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची चपटी शेवंड निर्यात करू नये, असा नियम केंद्र सरकारने केला तो 2003 मध्ये. तोवर मुंबईच्या धक्क्यांवर ती तोलावयास उरलीच कोठे होती!

अष्टमुडीची कथाही येथे संपत नाही. बंद हंगामाने माणसाचा हात आवरता येतो. नदीचा पूर आवरत नाही. 2018 च्या महापुरात केरळच्या खाड्यांत गोडे पाणी व गाळ लोटला. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेकडील एका परक्या शिनाण्याने अष्टमुडीत ठाण मांडले. तो दाट थर करून वाढतो व मूळच्या शिंपल्यांची जागा अडवितो. तिसऱ्यांचे उत्पन्न पुन्हा फार घसरले. बंदी पाळूनही असे झाल्यावर वेचणाऱ्याने कोणावर रागवावे?

तेव्हा संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. बीज देणाऱ्या तिसऱ्याच विरळ झाल्या असतील, तर तीन महिन्यांच्या विश्रांतीने तळ भरून येण्यास फार काळ लागणार. म्हणून संस्थेच्या विळिंजम येथील केंद्रात तिसऱ्यांची पिल्ले टाक्यांत वाढविण्यात आली, आणि 2024 साली अशी सुमारे 30 लाख पिल्ले अष्टमुडीच्या वाळूत सोडण्यात आली.