पुणे दर्शन : एका दिवसाची बस आणि कात्रजचे पाणी

परगावाहून पुण्यास आलेल्या कुटुंबाजवळ बहुधा एकच मोकळा दिवस असतो. कोणी मुलाच्या महाविद्यालयातील प्रवेशासाठी आलेले असते, कोणी लग्नकार्यासाठी, तर कोणी रुग्णालयातील कामासाठी. काम आटोपल्यावर उरलेल्या त्या एका दिवसात शहर पाहावयाचे, तर रिक्षांचे भाडे परवडत नाही आणि पायी हिंडून होत नाही. अशा मंडळींना पुणे महानगर परिवहन महामंडळाची ‘पुणे दर्शन’ बस ही मोठीच सोय होय. सकाळी निघालेली बस शहराच्या चारी दिशांची ठळक स्थळे दाखवून सायंकाळी प्रवाशांना परत आणून सोडते. सोबत माहिती सांगणारा मार्गदर्शक असतो.

या सहलीस एक अडचण मात्र आहे, आणि ती कोणाच्या दोषामुळे नव्हे. बसचा मार्ग रस्त्यांच्या सोयीने ठरतो, इतिहासाच्या क्रमाने ठरत नाही. पेशव्यांच्या वाड्यातून निघालेला प्रवासी थोड्याच वेळात एकोणिसाव्या शतकातील प्रासादात उतरतो आणि तेथून सर्पोद्यानात. दिवसाच्या अखेरीस डोळ्यांसमोर बरीच चित्रे असतात. परंतु ती एकमेकांशी कशी जोडावयाची हे उमगत नाही. प्रस्तुत लेखकास हा जोड सापडला तो बसमधील एका वृद्ध सहप्रवासिनीमुळे.

बीड जिल्ह्यातील कोरडवाहू गावच्या या आजी लेक व जावयासह आल्या होत्या. शनिवारवाड्यात हजारी कारंजाच्या कोरड्या हौदापाशी सर्वजण उभे असताना त्यांनी मार्गदर्शकास विचारले, “इतकं पाणी आणत कुठून होते?” मार्गदर्शक तरुण होता. त्याचे पाठ केलेले वर्णन क्षणभर थांबले. मग तो म्हणाला, “आजी, दुपारी आपण कात्रजला जाणार आहोत ना, तिथून.”

त्या एका उत्तराने सहलीला सूत्र मिळाले.

शनिवारवाड्याविषयी आधी सांगावयास हवे, कारण येथेच बहुतेकांची निराशा होते. दिल्ली दरवाजाची भव्य कवाडे, हत्तींना रोखण्यासाठी त्यांवर बसविलेले अणकुचीदार खिळे, भक्कम तट, हे सारे पाहून माणूस मोठ्या अपेक्षेने आत शिरतो आणि समोर दिसतात ती केवळ जोती व हिरवळ. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्या पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये असल्याची नोंद आहे. वरचे मजले, दिवाणखाने आणि त्यांतील लाकूडकाम १८२८ च्या आगीत भस्मसात झाले. ही आग आधी सांगितली नाही, तर पाहणाऱ्यास वाडा रिकामा वाटतो. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाची हकीकत मार्गदर्शक रंगवून सांगतात आणि ऐकणारेही ती मागून घेतात. त्यातील पाच मिनिटे कारंजास मिळाली, तर बरे होईल. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हे कारंजे बालपेशवे सवाई माधवरावांसाठी केले होते, असे सांगतात. विजेचा पंप नसलेल्या काळात कारंजे उडावयाचे, तर पाणी वाड्याहून उंच जागेवरून आणि स्वतःच्याच दाबाने यावयास हवे.

ती उंच जागा म्हणजे शहराच्या दक्षिणेचे कात्रज. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत येथे आंबिल ओढ्याला बांध घालून तलाव करण्यात आला. तेथून शहरापर्यंत दगड-चुन्याचा भूमिगत नळ बांधला. नळ म्हटला, तरी नजरेसमोर लोखंडी नळी आणू नये. माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी एवढे ते भुयारच होते. सारा प्रवाह उताराने चाले. हवा खेळती राहावी आणि आत उतरता यावे म्हणून ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास उभारले होते, तर गाळ खाली बसावा यासाठी मार्गात कुंडे ठेवली होती. पेठांत हे पाणी हौदांतून मिळे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे त्याच व्यवस्थेची होत. कारंजे वाड्यातल्यांसाठी होते हे खरे. पण त्याच पाण्यावर पेठांतल्या असंख्य घरांतील घागरी भरत.

बस दुपारी कात्रजला नेते ती मुख्यतः राजीव गांधी प्राणिसंग्रहालय व सर्पोद्यान दाखवण्यासाठी. मुले वाघ आणि नाग पाहण्यात रमतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मोठ्यांनी शेजारच्या तलावाकडे दृष्टी टाकावी. परतीच्या वाटेवर सातारा रस्त्याने बस शहराकडे उतरू लागते तेव्हा त्याच दिशेने, जमिनीखालून, तो जुना नळ गेलेला आहे. रस्त्याच्या खोदकामात त्याचे भाग अधूनमधून उघडे पडतात.

पर्वती आणि तिच्या पायथ्याची सारसबाग येथेही हाच ओढा भेटतो. नानासाहेबांनी त्याचे पाणी अडवून पर्वतीखाली तळे केले व मध्ये बेट राखले. त्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. तळे गेले, त्या जागी बाग झाली; पण देव मात्र अद्याप ‘तळ्यातला गणपती’ म्हणूनच ओळखला जातो. प्रवासी भेळ खात ज्या हिरवळीवर बसतात, ती एके काळी पाण्याखाली होती, हे क्वचितच कोणी सांगते.

ओढा मात्र इतिहासजमा झालेला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या मुसळधार पावसात याच आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत अनेकांचे प्राण गेले. त्या भागाजवळून जाताना मार्गदर्शकाने ध्वनिक्षेपक खाली ठेवून साध्या आवाजात एवढेच सांगितले. बसमध्ये कोणी बोलले नाही.

केळकर संग्रहालयास बस देते तो वेळ फारच अपुरा आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये, दारांच्या चौकटी जमविल्या. लहानपणीच निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि १९७५ मध्ये हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी काहीच मांडलेल्या असतात, तरी त्याही तासाभरात पाहून होत नाहीत. सर्व दालनांतून धावण्यापेक्षा एखादेच दालन निवडावे. आमच्या आजी भांड्यांपाशी थांबल्या, त्या शिट्टी वाजेपर्यंत हलल्या नाहीत.

आगाखान प्रासादाची गोष्ट निराळी. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी तो १८९२ मध्ये बांधविला. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे, हा त्यामागील हेतू होता असे सांगितले जाते. पन्नास वर्षांनी तेथे बंदिवास आला. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना येथे आणले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा येथेच निवर्तल्या. चौथ्या आगाखानांनी १९६९ मध्ये ही वास्तू राष्ट्रास अर्पण केली. समाधींपाशी बोलणे आपोआप हलके होते.

सहलीस निघणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. स्थळे व वेळा वेळोवेळी बदलतात, म्हणून आरक्षण करतानाच त्यांची चौकशी करावी. कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते. मुले सोबत असतील, तर तो वार टाळावा. चढउतार बराच होतो, यास्तव वृद्धांनी पायांत सोयीची पादत्राणे घालावीत. आणि मार्गदर्शकास प्रश्न अवश्य विचारावेत. प्रश्न विचारला की पाठ केलेले बोलणे थांबते व त्याला खरोखर ठाऊक असलेले बाहेर येते.

सायंकाळी बस थांब्यावर आली तेव्हा आजींनी उतरता उतरता त्याला पुन्हा गाठले. त्या नळाचा एखादा हौद पाहावयास मिळेल का, असे त्या विचारत होत्या. हौद बसच्या मार्गावर येत नाही, असे त्याने सांगितले. मग खिशातून कागद काढून त्यावर पेठेतील रस्त्याची आकृती काढली आणि तो आजींच्या जावयाच्या हाती दिला. त्यांची गावाकडची गाडी रात्री दहाला होती.