जामीनपत्रावर सही कोणाची?

आमच्या बरकतपुऱ्यातील एक शेजारी एका संध्याकाळी कागदांचे बाड घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीचा विवाह नुकताच झाला होता. जावई जन्माने अमेरिकन नागरिक, परंतु अद्याप तेथील विद्यापीठात शिकत असलेला. त्याचे आईवडील नोकरी संपवून पुण्यास परतलेले. "सर, मुलाला पगार नाही म्हणून मुलीचा व्हिसा अडेल म्हणतात. मी माझे घर तारण लिहून देतो. तेवढे पत्र आपण इंग्रजीत करून द्या," असे ते म्हणाले. ते पत्र मी लिहिले नाही, कारण त्याचा काडीइतका उपयोग झाला नसता.

येणाऱ्याने सरकारवर भार होऊ नये, ही अमेरिकेची अट फार जुनी आहे. ३ ऑगस्ट १८८२ च्या कायद्यानेच, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्यास बंदरावरून परत धाडण्याची तरतूद झाली. त्यानंतर दहाच महिन्यांनी, ४ जून १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरल्या. पती गोपाळराव टपाल खात्यातले नोकर. ते मागे राहिलेले. बाईंना आधार होता तो रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या घराचा. त्या काळी शब्दावर भागले. १९९६ च्या कायद्याने मात्र या शब्दाचा लेखी करार झाला. आज त्याला 'आय-८६४' हा अर्ज म्हणतात.

नागरिक पती विद्यार्थी असला, त्याचे उत्पन्न शून्य असले, तरी हा अर्ज पहिल्याने त्यानेच भरावयाचा असतो. उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असावे लागते. २०२५ साली दोन माणसांसाठी ही रेषा २१,१५० डॉलर होती. म्हणजे पतिपत्नींसाठी सुमारे २६,४३७ डॉलर हवेत. शिक्षणासाठी काढलेले कर्ज उत्पन्नात धरीत नाहीत. उत्पन्न कमी पडल्यास मालमत्ता दाखविता येते, पण तुटीच्या तिप्पट. समजा, जावई विद्यापीठातच काम करून वर्षाला १०,००० डॉलर मिळवितो. तर तूट १६,४३७ ची आणि मालमत्ता हवी ४९,३११ डॉलरची, तीही वर्षाच्या आत रोख करता येण्याजोगी. वधूच्या स्वतःच्या नावावरील ठेवी येथे चालतात. वडिलांचे घर चालत नाही, कारण ते ना वराचे, ना वधूचे.

उरतो तो दुसरा जामीनदार. तो नातलगच असला पाहिजे असे नाही; पण तो अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा आणि त्याचे वास्तव्य तेथेच असावे. त्यामुळे पुण्याचे सासरे बाद, बरकतपुऱ्याचे वडील बाद! शेजाऱ्यांच्या जावयाचे एक काका तेथे आहेत. त्यांच्या घरची चार माणसे आणि पाचवी ही मुलगी, असा हिशेब धरता २०२५ च्या मानाने ४७,०६२ डॉलर लागतात. काकांची मिळकत त्याहून पुष्कळ अधिक.

येथेच खरी मेख आहे. ही सही म्हणजे शिफारसपत्र नव्हे. मुलगी नागरिक होईपर्यंत, अथवा तिच्या खाती सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, जबाबदारी चालू राहते. मृत्यूने किंवा तिने तो देश कायमचा सोडल्यास ती संपते. घटस्फोटाने संपत नाही. मुलीने उत्पन्नाच्या अटीवर मिळणारी सरकारी मदत घेतली, तर ती काकांकडून वसूल होऊ शकते. खुद्द मुलगीही निर्वाहासाठी त्यांना न्यायालयात खेचू शकते. लग्नाच्या मांडवात हे कोणी बोलत नाही.

एक घोटाळा मात्र टाळावा. वर नागरिक नसून केवळ विद्यार्थी-व्हिसावर तेथे असेल, तर वधू त्याची आश्रित म्हणून जाते आणि हे जामीनपत्र लागतच नाही. तेथे विद्यापीठाला तिच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. त्यात हिंदुस्थानातल्या वडिलांचा पैसा चालतो. परंतु अशा पत्नीला तेथे नोकरी करता येत नाही.

मी शेजाऱ्यांकरवी काकांना फोन लावविला आणि हे सारे, घटस्फोटाच्या कलमासह, वाचून दाखविले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. "मला पंधरा दिवस द्या," एवढेच ते म्हणाले. शेजारी माझ्यावर रुसले. सगळे सांगायची काय गरज होती, असा त्यांचा प्रश्न. सोळाव्या दिवशी काकांच्या कर-विवरणाची नक्कल ई-मेलने आली.